एका पंगतीतला दाट चहा

अन्याय झाला तो माझ्या सुमनआत्यावर. गेल्या गळीत हंगामात, चंपाषष्ठीच्या सकाळी, खंडोबाची तळी उचलून झाल्या झाल्या, अंथुर्ण्यातल्या तिच्या स्वतःच्या ओसरीवर. हत्यार म्हणाल तर स्टीलचा पेला. पेल्यात माठातलं गार पाणी. पाजणारी शेजारची शांताबाई, आत्याची जन्माची मैत्रीण, आणि तिच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. तरीही मी याला अन्यायच म्हणणार. कारण ते पाणी आत्याच्या पोटात गेलं नाही, छातीत गेलं. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं तिचं तोंड बघता बघता काळंनिळं पडलं, आणि 'येळकोट' म्हणून दणाणलेली ओसरी एकदम गप्प झाली.

शांताबाईला आरोपी करायला मी हे लिहीत नाही. दिवाळी सरते न सरते तोच आत्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि गळ्यातली ताकद गेली. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना दिसत होत्या. तिसरी दिसत नव्हती, आणि ती आम्हाला कुणी सांगितली नाही. ज्या दवाखान्यानं तिला घरी सोडलं, तिथं गोळ्या समजावल्या, बीपी समजावलं, मालिश समजावलं. जेवणाचं विचारलं, तर जाता जाता उत्तर आलं, "पातळ द्या काहीतरी."

पातळ द्या! आमच्याकडं नाहीतरी दुसरं काय देतात? माणूस अंथरुणाला खिळला की पेज, मुगाचं पाणी, शहाळं, ताकाची निवळ. आजार जितका मोठा तितकं अन्न पातळ, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात भेटायला येणाऱ्यांची रीत अशी, की नुसतं बसून उठायचं नाही. आजाऱ्याच्या तोंडाला आपल्या हातानं घोटभर काहीतरी लावायचं. नाही लावलं तर माया कमी पडली. दवाखान्याचं बेफिकीर वाक्य आणि गावाची प्रेमळ रीत, दोन्ही त्या सकाळी एकाच पेल्यात कालवली गेली.

मी पत्रकं लिहिते. एसटीच्या फेऱ्या, आरोग्य केंद्रातलं रिकामं औषधाचं कपाट, रेशनच्या रांगा. पत्रकात पहिल्या ओळीत सांगायचं असतं कुणाचं काय बिघडवलंत आणि कधी. ते सांगून झालं. आता जरा सावकाश लिहिते, कारण यात रागापेक्षा मोठं काहीतरी आहे आणि ते घाईत सांगता येत नाही.

परवा कारखान्याचा भोंगा झाला आणि मला ते सगळं पुन्हा आठवलं. बारामतीतून गाडी काढली, काटेवाडी मागं टाकली, तसा हंगामाचा वास नाकात शिरला. मळीचा आंबूस, गोडसर, किंचित कुजका वास. बाहेरगावच्या माणसाला ओकारी आणणारा आणि आम्हाला घरी आल्यासारखं वाटायला लावणारा. पुढं उसाच्या ट्रॉल्या डोलत चाललेल्या, मागून गाणी लावलेली. बैलगाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या कांड्यांनी रस्ता चिकट झालेला. पहाटेचं धुकं अजून पाटाच्या कडेनं रेंगाळत होतं. मनात आलं, या पट्ट्याचा सगळा धंदाच पातळाचं दाट करण्याचा. रस आटवायचा, काकवी करायची, गूळ करायचा, साखर करायची. तरीही माणसाला पाणी दाट करून द्यावं लागतं हे कळायला आम्हाला एक जीव टांगणीला लावावा लागला.

लहानपणी हंगामात मी आत्याकडंच असायचे. ऊस तोडायला टोळी आली की आत्या सकाळी भली मोठी किटली घेऊन फडाकडं निघायची. मी मागून कप घेऊन. कोयत्यांचा सपासप आवाज, पाचटाचा खरखरीत वास, आणि त्या सगळ्यावर आत्याचा आवाज. बांधावरनं ती अशी हाक मारायची की पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठून उभं राहायचं. एकदा बापूमामा, म्हणजे आत्याचा नवरा, आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, सहज बोलून गेले, "टोळीला बिनदुधाचा चालंल की."

आत्यानं किटली खाली ठेवली. "मग तुमीबी बिनदुधाचाच प्या. एका पंगतीत दोन वाढपं मी करीत न्हाय."

टोळीला दुधाचा चहा गेला. मामांनी मात्र फड उठेस्तोवर काळा चहा प्यायला, तोही निमूट. पंक्तिप्रपंच, म्हणजे एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसतं वरण, याच्यासारखं दुसरं पाप आत्याच्या लेखी नव्हतं. मी आज समतेच्या घोषणा लिहिते. त्यातली एकही त्या वाक्याइतकी चांगली उतरलेली नाही.

तर चंपाषष्ठीनंतर त्याच आत्याच्या नाकात नळी होती. छातीत गेलेल्या पाण्यानं न्यूमोनिया धरला होता. दुसऱ्या दवाखान्यात, बारामतीत, पांढऱ्या चादरीवर ती डोळे मिटून पडलेली, आणि तिचं सगळं खाणंपिणं त्या बारक्या नळीतून. ताप उतरला तशा एक दिवस रेश्मा मॅडम आल्या. पणदऱ्याच्या, माझ्याच वयाच्या, वेणी घातलेल्या. बोलणं आणि गिळणं या दोन्हींवर इलाज करण्याचं एक शिक्षण असतं, आणि आपल्या तालुक्यातली एक मुलगी ते शिकून इथं बसली आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तालुक्यातल्या प्रत्येक भिंतीवर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. हे मात्र कुठंही लिहिलेलं नसतं.

मॅडमनी आत्याला ताठ बसवलं. दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि चमच्याच्या टोकानं अगदी थोडंसं काहीतरी जिभेवर दिलं. आणि वाट पाहिली. कुणी कुणाच्या गळ्याकडं इतक्या आदरानं पाहताना मी पहिल्यांदा बघत होते. आपण दिवसभर गिळत असतो. थुंकी, चहा, राग. कधी लक्ष देतो? त्या खोलीत मात्र आम्ही सगळे गळ्यातल्या एका गाठीकडं, कंठमण्याकडं, ती वर उचलली जाते का म्हणून श्वास रोखून बघत होतो. ती उचलली गेली. उशिरा, पण उचलली गेली.

"मामा, तुम्ही शेतकरी," मॅडम बापूमामांना म्हणाल्या. "ऊस भिजवताना दारं धरता, एका सरीचं पाणी मोडून दुसऱ्या सरीत वळवता, तेव्हा पाटाला पाणी जोरात आलं तर काय होतं?"

"दारं मोडायच्या आत भलत्याच सरीत घुसतंय."

"तेच झालंय. घशात दोन वाटा असतात, एक पोटाची, एक श्वासाची. गिळताना श्वासाची वाट बंद व्हावी लागते. आत्यांची ती उशिरा बंद होते. पाणी पातळ, ते थांबत नाही. दाट केलं की सावकाश उतरतं. तेवढ्यात दारं फिरतं."

मामांनी आत्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग म्हणाले, "म्हंजे आमी पाणी पाजून मारत हुतो व्हय हिला."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. बस, एवढंच. या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी बिनदोषाच्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उचललं आणि पुढच्या कामाला लागल्या.

पुढचं काम म्हणजे किती दाट. त्यांच्याकडं दवाखान्याचा छापील तक्ता होता, पण त्यांनी तो बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातलं सांगायला लागल्या. कढीसारखं सरसरीत नको, ते अजून पळतं. भज्याच्या पिठासारखं घट्ट नको, ते घशात बसतं. पळीवाढं पाहिजे. पळीनं वाढलं तर धार न लागता संथ उतरेल असं. मला एकदम माझ्या भाषेचं कौतुक वाटलं. पातळ, सरसरीत, पळीवाढं, दाटसर, आळलेलं. पिढ्यान् पिढ्या बायकांनी चुलीपुढं उभं राहून दाटपणाच्या इतक्या पायऱ्या पाडून ठेवल्या आहेत. त्या कधीतरी एखाद्या गळ्याच्या उपयोगी पडतील, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

अडचण एवढीच, की हे सगळं ज्यांना करायचं होतं त्या बापूमामांना पळी कुठं टांगलेली असते हेही माहीत नव्हतं. मुलगा-सून पुण्याला नोकरीला. मी येऊन-जाऊन. नळी काढून घरी आणल्यावर पहिल्या दिवशी मामांनी पिठल्याला पीठ लावतात तशी मॅडमनी लिहून दिलेली, पाणी दाट करायची पावडर एकदम पाण्यात लोटली. गुठळ्या झाल्या. ढवळलं, तरी पातळच दिसलं, म्हणून अजून टाकली. पावडरीला फुगायला थोडा वेळ लागतो, हे मॅडमनी सांगितलं होतं, पण मामांना धीर कुठला! थोड्याच वेळात पेल्यात चमचा उभा राहिला.

"हे काय केलंत मामा?"

"पाणी." मामांनी पेला उपडा करून दाखवला. पाणी खाली पडलं नाही.

मग हळूहळू त्यांचा हात बसला. सुनेच्या रुखवतात आलेला डिनरसेट कपाटावर वेष्टनासकट धूळ खात होता. त्यातला काटा बाहेर निघाला, कारण मॅडमनी परीक्षा सांगितली होती: काट्यावर घ्यायचं आणि बघायचं. दातांतून धो धो गळलं तर पातळ, अजिबात गळलं नाही तर घट्ट, सावकाश थबकत गळलं तर बरोबर. ज्या हातानं जन्मभर सऱ्या ओढल्या, पंपाच्या मोटारी खोलल्या, तो राकट हात खिडकीच्या उजेडात काटा धरून उभा राहायचा. डोळे बारीक, ओठ घट्ट. वजन करताना सोनाराचे असतात तसे. मी बऱ्याच मोर्च्यांत बरीच धाडसी माणसं पाहिली आहेत. खिडकीपाशी काटा धरून उभ्या असलेल्या या माणसापुढं मी त्यांना दुसरा नंबर देईन.

आणि एवढं करून आत्या ते पीत नव्हती.

पहिला चमचा तिनं तोंडात घेतला आणि डाव्या हातानं मामांचा हात ढकलून दिला. जड जिभेनं, एकेक शब्द ओढत म्हणाली, "खळ हाय ही." मग माझ्याकडं बघून, "रुपे, तुझी... पत्रकं... चिकटव." आम्ही हसलो, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ती माठाकडं बोट दाखवायची. आम्ही नाही म्हणायचो. ती तोंड फिरवायची. ओठ सुकले, जीभ कोरडी पडली, लघवी पिवळी व्हायला लागली. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं: अशीच राहिली तर नळी परत घालावी लागेल. साधं पाणी चोरून दिलंत तर त्याहून वाईट. म्हणजे एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला पेला, आणि मधे आत्याचा स्वाभिमान.

मला तेव्हा आत्याचा रागही आला होता. आता येत नाही. आयुष्यभर जिनं दुसऱ्यांच्या कपात ओतलं, तिला एका कोपऱ्यात बसवून चमच्यानं वेगळं काहीतरी भरवायचं, आणि घरातल्या बाकीच्यांनी बाहेर ओसरीवर फुरफुर करत बशीतला चहा प्यायचा. तिला त्या चवीपेक्षा तो वेगळेपणा गिळवत नव्हता. हे मला कळलं नाही. मामांना कळलं.

संक्रांत झाली आणि गल्लीत हळदीकुंकवं सुरू झाली. आत्याचं हळदीकुंकू दरवर्षी ठरलेलं. यंदा राहू दे, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. मामा म्हणाले, "बोलवा बायांना." बायका आल्या. आत्याला ताठ खुर्चीत बसवलेलं, नवी साडी, लुळा हात पदराखाली. शांताबाईही आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. चंपाषष्ठीपासून तिनं त्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता. दारातल्या चपलांपाशी अंग चोरून उभी राहिली.

आतून बापूमामा ट्रे घेऊन आले. हळदीकुंकवाला पुरुष चहा घेऊन येतोय म्हटल्यावर आधीच पदर तोंडाला लागले होते. कप हातात पडले, तशी एकीनं कप कलता केला. चहा सावकाश, रेंगाळत सरकला.

"अवं बापू, चहा हाय का लग्नातली बासुंदी?"

"सुमनचा चहा हाय. आज सगळ्यांना ह्योच."

"आन् आमाला साधा न्हाय व्हय? आमचं गळं चांगलं हायती की!"

"न्हाय," मामा म्हणाले. "एका पंगतीत दोन वाढपं न्हाईत ह्या घरात. तिनंच शिकवलंय मला. काळा चहा पाजून."

आत्यानं मान वर केली. तिचा चेहरा एका बाजूनंच हसायचा आता, पण तेवढी बाजू पुरली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि चमचे उचलले. कुणी नाक मुरडलं, कुणी डोळे मिटून गिळलं, एक म्हणाली, "आलं चांगलं पडलंय बाकी." दुसरी म्हणाली, "बापू, एवढ्या वरसात चहा शिकला, पण कसला शिकला!" हशा पिकला. आणि त्या हशात आत्यानं डाव्या हातानं आपला कप उचलला आणि दाराकडं धरला.

"शांते. ये."

शांताबाई जागची हलली नाही. "माझ्या हातानं नगं गं सुमे. माझ्या हातानं नगं."

"तुझ्याच."

ती आली. तिनं कप हातात घेतला आणि चमच्याच्या टोकावर थोडासा चहा घेतला. मामा मागं उभं राहून मॅडमचे शब्द जसेच्या तसे म्हणत होते, "थोडकंच घे. हनुवटी खाली, सुमन. बोलायचं न्हाय. गिळलं का बघ, मगच दुसरा." खोलीतल्या सगळ्या बायका आत्याच्या गळ्याकडं बघत होत्या, अगदी दवाखान्यात आम्ही बघितलं होतं तशा. गाठ वर गेली. खाली आली. खोकला नाही. ठसका नाही. शांताबाईनं डोळ्याला पदर लावला.

आत्यानं ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "साखर... कमी हाय."

तिथून ती प्यायला लागली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. शिस्त झाली. ताठ बसणं, हनुवटी खाली, घोट पोटात उतरेपर्यंत तोंडातून शब्द नाही, जेवण झालं की तोंड स्वच्छ. मामा म्हणतात, "लग्नापासनं पैल्यांदा गप बसलेली बघतोय हिला. कपभर चहापुरतं का हुईना." शांताबाई रोज दुपारी येते आणि दोघींचा चहा होतो. तिचा स्वतःचा साधा असला तरी चालेल, असं मामांनी तिला कधीचं सांगितलंय. ती ऐकत नाही.

यंदा मी गेले तेव्हा आत्याच्या फडात टोळी लागली होती. आत्या काठी टेकत बांधापर्यंत येते आता. किटली मामांच्या हातात, आणि आत्याचा वेगळा झाकणाचा पेला त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत, काट्यासकट. पेला काढून त्यांनी काटा बुडवला, उन्हात वर धरला. टोळीतल्या एका बाईनं विचारलं, "ह्ये काय करताय, मालक?" मामा म्हणाले, "दारं धरतोय." आत्यानं बांधावरनं हाक मारली. शब्द अजून अडखळतात, पण पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठलं.

आता तुमच्याशी बोलते, वाचणाऱ्याशी. झटका आलेला, हात थरथरणारा, म्हातारपणानं थकलेला माणूस तुमच्या घरात नाहीतर शेजारी आहेच. पाणी पिताना त्याला वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओला, घरघरीत येत असेल, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यातून माणूस घरी नेताना डॉक्टरांच्या दारात उभे राहा आणि विचारा, "यांचं गिळणं कुणी तपासलं का?" नसेल तर तपासायला लावा. उत्तर मिळाल्याशिवाय गाडीत बसू नका. सगळ्यांना दाटच लागतं असं नाही. कुणाला किती, हे तपासणारा सांगेल, शेजारीण नाही आणि मीही नाही. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा पेला उचलण्याआधी घरच्यांना विचारा, "यांना पाणी कसं चालतं?" आणि ते म्हणाले, "दाट करून," तर गप्प बसून साधा चहा पिऊ नका. तोच चहा मागून घ्या, त्यांच्यासमोर बसा, आणि तोंड वाकडं न करता संपवा.